उघडं पितळ

प्रति,
माननीय प्रॉडक्शन मॅनेजर साहेब यांस,


नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. तुमचं नाव तुम्हाला माहीत आहे, आणि ज्यांची बिलं तुमच्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत त्यांना तर ते झोपेतही आठवतं.

सर्वप्रथम अभिनंदन. पितळ फुटतं, हा शोध तुम्ही लावलात. माझी या धंद्यात चौतीस वर्षं गेली. पितळ काळं पडलेलं पाहिलं, चेपलेलं पाहिलं, झिजून कागदासारखं झालेलं पाहिलं, भंगारवाल्याच्या काट्यावर चढलेलं पाहिलं. पण बशीसारखं फुटून त्याचे सात तुकडे झालेले मी पहिल्यांदा पाहिले ते मार्च महिन्यात, तुमच्या माणसाने आणून दिलेल्या पिशवीत. पिशवीवर मार्करने लिहिलं होतं : 'पितळी डबा, शूटिंगमध्ये डॅमेज'. तुकडा उचलला तर वजन पापडाएवढं. मोडलेल्या कडेतून काचतंतूंचे पांढरे केस बाहेर आलेले. एवढं हलकं आणि केसाळ पितळ कुठल्या खाणीतून निघतं हे विचारायला मी संध्याकाळी फोन केला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "काका, जाऊ द्या ना. प्रॉपर्टीच तर होती. तुमच्याकडे सगळं खोटंच तर असतं!"

हे पत्र खुलं लिहायचं कारण एवढंच, की बंद पत्रं लिहून झाली. चार ईमेल झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे तुम्ही साक्षर आहात हे कळलं. ऑफिसात फोन केला की तिथली मुलगी गोड आवाजात सांगते, साहेब लोकेशनवर आहेत. मार्चपासून तुम्ही लोकेशनवर आहात. पांडवांचा वनवाससुद्धा कधीतरी संपला होता.

आमचं गोडाऊन भांडुपला आहे. तुम्ही तिथे कधी पाऊल ठेवलं नाहीत, तुमचा टेम्पो येतो. म्हणून थोडं दाखवतो. डाव्या हाताला कंदील, अकरा प्रकारचे. त्यापुढे डायलचे काळे फोन, टाइपरायटर, पाळणे, बंब, फिरक्या, जाती. वरच्या फळीवर मारुतीच्या गदा, सगळ्या पोकळ. एका भिंतीवर सव्वीस घड्याळं आणि सगळी बंद. बिघडलेली नाहीत, बंद ठेवलेली आहेत. सेटवर चालू घड्याळ चालत नाही. एकाच प्रसंगाचे चार टेक झाले की काटा वीस मिनिटं पुढे सरकलेला असतो, आणि मग पडद्यावर नायिका पाच वाजता रडायला लागते आणि पावणेपाचला डोळे पुसते. मागच्या खोलीत इफेक्टचं सामान : धुराची मशीन, वाऱ्याचे पंखे, पावसाच्या नळ्या, आणि एक लांबलचक पत्रा. तो हलवला की वीज कडाडते. आता कडकडाट लॅपटॉपमधून येतो, तरी एक प्रायोगिक नाटकवाली मंडळी दर वर्षी येऊन तो पत्रा भाड्याने नेतात. म्हणतात, काका, याचा आवाज पोटात जातो.

मी शिकलो परळच्या दामोदर हॉलच्या विंगेत. तिथल्या एका म्हाताऱ्या प्रॉपर्टीवाल्याने पहिल्याच दिवशी माझ्या हातात एक बॅग दिली आणि म्हणाला, मुंबईहून गावी निघालायस, चालून दाखव. मी चाललो. तो म्हणाला, "बॅग रिकामी आहे हे शेवटच्या रांगेला कळलं." मग त्याने बॅगेत दोन विटा आणि जुनी वर्तमानपत्रं कोंबली. पुन्हा चाललो. खांदा आपोआप एका बाजूला झुकला, पावलं जड झाली. "आता तू गावी चाललायस," तो म्हणाला. आमचा सगळा धंदा त्या दोन विटांमध्ये आहे, साहेब. प्रेक्षकाला विटा दिसत नाहीत, त्याला खांदा दिसतो. तुमच्या मालिकांमध्ये माणसं रिकाम्या कपातून चहाचे भुरके मारतात ना, ते घरी बसलेल्या आजींना बरोबर कळतं. कारण तुम्ही विटांचे पैसे वाचवता.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

तुमची गोष्ट १९४० सालची. कोकणातला वाडा, तापट सासूबाई. तुमच्या आर्ट डिपार्टमेंटची पोरगी यादी घेऊन आली. हुशार मुलगी. वाड्याच्या भिंतीवर तुम्ही कालनिर्णय टांगायला सांगितलं होतंत. तिने बिचारीने हळूच विचारलं, काका, हे चालेल का? मी म्हटलं, कालनिर्णय सुरू झालं १९७३ साली. वाड्यातल्या लोकांना तेहेतीस वर्षं आधी तिथी कळायला लागली तर मग गोष्टीत ज्योतिषी पण घाला. तुम्ही 'कोण बघतंय' म्हणालात, असं तिने नंतर सांगितलं. त्याच यादीत एक ओळ होती : पानाचा डबा, पितळी, अस्सल. क्लोजअप आहे. सासूबाई पान लावता लावता सुनेला बोल लावतात, आणि शेवटी संतापून डबा अंगणात भिरकावतात.

अस्सल डबा भिरकावायला देणार कोण? म्हणून ठरलं असं, की जवळून दाखवायला खरा डबा आणि फेकायला फायबरचे दोन. एक टेकला, एक रिटेकला. खरा डबा आमच्याकडे होता, म्हणजे माझ्याकडे होता. गोडाऊनच्या मालात तो नव्हता. माझ्या टेबलावर असायचा. त्याचं पुढे सांगतो.

त्या दोन नकला कशा झाल्या तेही ऐका, कारण तुमच्या मते त्या आपोआप उगवतात. आधी मूळ डब्याला मेण चोळून घेतलं, त्यावर सिलिकॉन ओतून साचा काढला. एक रात्र तो तसाच ठेवला. मग साच्यात रेझिन, त्यात पितळेची पूड, मागून काचतंतूचं कापड, परत रेझिन. हार्डनर एक थेंब जास्त पडला की माल तापून तडकतो, कमी पडला की आठवडाभर चिकट राहतो. आमचा कारागीर लालबागचा. पावसाळ्यात गणपतीच्या कारखान्यात असतो, एरवी आमच्याकडे. काचतंतूची कूस हातात शिरते ती दोन दिवस खाजते. तो हाताला खोबरेल चोळून कामाला बसतो. साच्यातून निघाल्यावर घासणं, मग काळा रंग देऊन पुसणं, म्हणजे नक्षीच्या खाचेत ऐंशी वर्षांचा मळ बसलेला दिसतो. डब्याच्या बिजागरीला एक तांब्याचा रिबिट होता, मागाहून मारलेला. कारागिराने नकलेतही तो तांबूस रंगवला. चार दिवसांचं काम. फक्त झाकण उघडत नव्हतं. ओतीव माल, एकसंध. फेकायचा डबा उघडून करायचंय काय? हा तपशील ध्यानात ठेवा. तुम्ही ठेवला नाहीत.

तुमच्या त्या 'खोटंच तर आहे'ची मजा तुमच्या शूटिंगवर सगळीकडे पसरली होती, म्हणून एकट्या डब्याबद्दल बोलणं तुमच्यावर अन्याय करणारं होईल. स्वप्नाच्या प्रसंगाला तुम्हाला जमिनीलगत तरंगणारा धूर हवा होता. मशीनचा धूर वर चढतो. पायाशी लोळणारा धूर हवा तर ड्राय आइस लागतो. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंश. गरम पाण्यात टाकला की ढग उठतो, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे खालीच बसतो. म्हणून तो दिसतो सुंदर. म्हणूनच बंद खोलीत तो वाईट. जिथे धूर लोळतो तिथला प्राणवायू हटतो, आणि खाली बसलेल्या माणसाला ते कळत नाही. आमच्या गोडाऊनमधला मुलगा तुम्हाला म्हणाला, दर टेकनंतर दारं उघडावी लागतील. तुम्ही म्हणालात, दारं उघडली की धूर जातो, परत भरायला वेळ लागतो, आणि धूर खोटाच तर आहे. सहाव्या टेकला तोच मुलगा बादलीशेजारी भिंतीला टेकून बसला, आणि उठेना. बाहेर काढला, वारा लागला, पाणी पाजलं, सावरला. तुम्ही त्याच्या दिवसाच्या भत्त्यातून दोन तास कापलेत. हजेरी पत्रकावर नोंद आहे : 'वर्कर आराम करत होता'.

मग पिस्तूल. वाड्यात इन्स्पेक्टर येतो आणि हवेत एक बार काढतो. आमचं पिस्तूल जातं तेव्हा त्याच्यासोबत आमचा माणूस जातो. नळी पुढून बंद आहे का ते तो बघतो, कोण कुठे उभं आहे ते बघतो, टेक झाला की पिस्तूल नटाच्या हातातून काढून घेतो. तुम्ही सांगितलंत, पिस्तूल पाठवा, माणूस नको. एका माणसाचं जेवण आणि शिफ्ट वाचते. आम्ही दिलं नाही, म्हणून तुम्ही आमच्या मालकांना सांगितलंत की काका फार भाव खातात.

भाव का खातो ते सांगतो. १९८४ साली अमेरिकेत जॉन-एरिक हेक्सम नावाच्या नटाने मालिकेच्या सेटवर कंटाळून गमतीत पिस्तूल कानशिलाला लावलं आणि चाप ओढला. आत फक्त बार होता, गोळी नव्हती. तो मेला. १९९३ साली 'द क्रो'च्या सेटवर ब्रँडन ली गेला. दाखवायच्या डमी काडतुसाचं टोक आधी नळीत अडकून राहिलं होतं. नंतर बार भरून उडवल्यावर ते टोक गोळीसारखं सुटलं. २०२१ च्या ऑक्टोबरात 'रस्ट'च्या सेटवर हॅलिना हचिन्स ही कॅमेरावुमन गेली. पिस्तूल नटाच्या हाती गेलं तेव्हा सेटवर सांगितलं गेलं होतं, की आत काही नाही. आत खरी गोळी होती. शस्त्रं सांभाळणाऱ्या मुलीवर त्याच सेटवर प्रॉपर्टीचंही काम टाकलेलं होतं. पुढे ती तुरुंगात गेली. एका माणसात दोन कामं बसवणारा तो हिशेब तुमच्याकडूनच शिकले असावेत.

एवढ्या लांब जायचंही कारण नाही. ८ फेब्रुवारी १९८९ ला म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत 'टिपू सुलतान' मालिकेच्या सेटला आग लागली. साठाहून अधिक माणसं गेली. किल्ला खोटा होता, साहेब. आग खरी होती.

आता तुम्ही म्हणाल, काका, तुम्ही जुन्या काळातले. मान्य आहे. फार जुन्या काळातलेच आहोत आम्ही. दादासाहेब फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'मध्ये, १९१९ साली, त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने, कृष्ण होऊन कालियाशी झुंज घेतली. नाग खोटा होता, प्रेक्षक मात्र खरेखुरे दचकले. त्याच्या पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री'त कीचकवध असा दाखवला की सेन्सॉरला तो कापावा लागला. तिथे ना कीचक मेला, ना भीमाच्या हाताला रक्त लागलं. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत नाचवल्या; लोकांनी त्यांचं नावच 'काळा धागा' ठेवलं. या तिघांनी आयुष्यभर खोटं केलं, आणि त्यातला दोरा दिसू नये म्हणून जीव टाकला. तुमच्या बाबतीत दोरा सोडून दुसरं काही दिसतच नाही.

बिलाबद्दल दोन शब्द. तुम्ही आमच्या बिलावर टीडीएस कापलात. फार छान केलंत. फक्त जे पैसे दिलेच नाहीत त्यातून कर कापून भरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आमच्या नावावर कर जमा, हातात भोपळा. तेव्हा विचारलं तर तुमचं अकाउंट्स म्हणालं, पेमेंट रिलीजनंतर. रिलीज कधी? प्लॅटफॉर्मने तारीख दिली की. तोवर आमच्या कारागिराने घरभाडं कुठल्या प्लॅटफॉर्मवर भरायचं? तुमच्या माहितीसाठी : छोट्या उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे पैसे अडवता येत नाहीत. अडवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. आणि आता तर वेळेत न दिलेली अशी रक्कम खर्च म्हणून आयकरात दाखवताही येत नाही, ती दिल्यावरच दाखवायची. हे तुमच्या सीएला विचारा. तो लोकेशनवर नसेल.

तुम्ही एकदा मोठ्या मनाने म्हणाला होतात, "काका, टायटलमध्ये नाव देतो ना." दिलंत. पहिल्या भागाच्या शेवटी, 'विशेष आभार'मध्ये, एका रसवंतीगृहाच्या आणि एका पंचायत समितीच्या मध्ये, डोळ्याची पापणी लवेल तेवढा वेळ. माझ्या नातवाने मोबाइलवर थांबवून दाखवलं. आमच्या कंपनीच्या नावातला एक काना गायब होता. तो बहुधा तुमच्या ड्रॉवरमध्ये असेल, बिलांखाली.

आणि नोटांचं काय झालं? आमच्याकडून शूटिंगच्या नोटांची दहा बंडलं गेली होती, परत आली आठ. काळजी घ्या. २०२४ साली अहमदाबादेत एका सराफाला कुणी तरी १ कोटी ३० लाखांच्या नोटा देऊन सोनं नेलं. नोटांवर गांधीजींच्या जागी अनुपम खेर होते. ती दोन बंडलं कुठे सापडली तर पोलीस आधी आमच्याकडे येतील. पण एक मनात येतं, आमचं बिल चुकतं करण्यासाठीच तर तुम्ही ती ठेवून घेतली नाहीत ना?

तुमच्यासारखेच सगळे असते तर मी हा धंदा केव्हाच सोडला असता. गेल्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेला एक हौशी ग्रुप आला होता. बँकेत, शाळेत, तहसील कचेरीत नोकरी करणारी मंडळी. एक कंदील, दोन खुर्च्या आणि सहा कपबश्या घेऊन गेले. डिपॉझिटसाठी आपापसांत वर्गणी काढत होते, मी घेतलं नाही. परत आले तेव्हा कंदिलाची काच धुऊन पुसलेली होती, वात कापलेली होती. कपबश्या सहाच्या सहा, पण त्यातली एक बशी वेगळी. मुलगी म्हणाली, "काका, दुसऱ्या अंकात एक फुटली. तशीच शोधायला दादरचं मार्केट पालथं घातलं, मिळाली नाही, म्हणून जवळची आणली. रागावू नका." ती बशी आजही माझ्या चहाची आहे. त्या ग्रुपला स्पर्धेत काही मिळालं नाही. बशीच्या बाबतीत मात्र त्यांना पहिला नंबर मीच देऊन टाकला.

आता तो डबा.

माझी आजी मालवणकडची. गिरणीत काम मिळालं म्हणून आजोबा मुंबईला आले, तेव्हा ती तो डबा गाठोड्यात बांधून लालबागच्या चाळीत घेऊन आली. आत पाच खण : पान, सुपारी, चुना, कात, आणि लवंग-वेलची. वरच्या खाचेत अडकित्ता. १९८२ च्या जानेवारीत संप झाला तेव्हा घरातलं पितळ एकेक करून मोडीत गेलं. घंगाळ गेलं, तांबे गेले, समयी गेली. डबा राहिला, कारण आजी म्हणाली, उपाशी राहीन, पण पानाशिवाय राहणार नाही. बिजागरी तुटली तेव्हा वडिलांनी गिरणीतल्याच एका जॉबरकडून तांब्याचा रिबिट मारून घेतला. चुन्याच्या खणाचा तळ आजही पांढरा आहे. घासून जात नाही. तुमच्या आर्टच्या पोरीने यादीत 'अस्सल' लिहिलं, तेव्हा माझ्यापाशी अस्सल तेवढं एकच होतं. चौतीस वर्षं खोटं विकणाऱ्या माणसाने पहिल्यांदा खरी वस्तू भाड्याने दिली, आणि नेमकी तुम्हाला दिली.

मार्चमध्ये परत आलं ते असं : फायबरचा एक डबा धड, फायबरच्या दुसऱ्या डब्याचे सात तुकडे, आणि पिशवीवरचं ते 'पितळी डबा, डॅमेज'. यादीत टिक मारलेली. आर्टची पोरगी तोवर तुमचं काम सोडून गेली होती. तुम्ही तिचेही पैसे दिले नाहीत असं ऐकतो. मी मनाशी म्हटलं, कुठेतरी हरवला असेल, माणूस लाजेपोटी खोटं बोलतो, होतं असं. गोडाऊनमध्ये पोरं हळहळली. कारागीर म्हणाला, काका, मी तिसरी नक्कल करून देतो टेबलावर ठेवायला. मी नको म्हटलं.

मग दिवाळी आली. तुम्ही सहकुटुंब फोटो टाकलात. तुम्ही, वहिनी, मुलं, सगळे नव्या कपड्यांत. फार गोड फोटो. मागे काचेच्या टेबलावर फराळाची ताटं. त्यांच्या मधोमध एक पितळी डबा, चिंचेने घासून चकचकीत केलेला. नातवाने फोटो मोठा करून दिला. बिजागरीला तांब्याचा ठिपका.

कुणी म्हणेल, तो ठिपका नकलेतही होता. होता. पण तुमच्या टेबलावरच्या डब्याचं झाकण उघडं आहे, साहेब. आत एका खणात काजू, एकात बदाम, एकात मनुके. आमच्या नकलेचं झाकण उघडत नाही. त्याला खणच नाहीत. पितळ उघडं पडलं ते असं, अगदी शब्दशः, तुमच्या स्वतःच्या दिवाणखान्यात, तुमच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने. आणि लाइटिंगही चांगलं होतं.

पानाचा डबा घेऊन तुम्ही आमच्या तोंडाला पानं पुसलीत, वर चुनाही लावलात. कात तेवढा राहिलाय.

कौतुक एवढ्याचं वाटतं, की जगातलं सगळं खोटं समजणाऱ्या माणसाला खरी वस्तू बरोबर ओळखता आली. तीन डबे समोर होते. दोन आमच्या कारागिराने असे केले होते की क्लोजअपलाही फसावं. तरी तुम्ही नेमका तिसरा उचललात. म्हणजे खऱ्या-खोट्याची पारख तुम्हाला उत्तम आहे. सेटवर ती तुम्ही वापरत नव्हतात, एवढंच. धूर, पिस्तूल, बिल आणि माझी पोरं यांना खोटं म्हणणं स्वस्त पडत होतं. डब्याला खरं म्हणणं फायद्याचं होतं.

या पत्राचे इतर वाचक, म्हणजे प्रॉपर्टी पुरवणारे, ड्रेसवाले, धूरवाले, सेटिंगवाले माझे भाऊबंद, यांना एकच सांगणं : चलन भरताना मालाचा फोटो काढा, झाकण उघडून काढा. वजन लिहा. परतीच्या यादीवर मोजल्याशिवाय टिक मारू देऊ नका. आणि धुरात बसायला पोराला पाठवाल तेव्हा दार उघडण्याची अट कागदावर घ्या, तोंडी नको. दिग्दर्शक मंडळींना विनंती, की 'डॅमेज'चा आकडा बजेटमध्ये आला की तुकडे एकदा स्वतः हातात घेऊन बघा. पापडाएवढे लागले तर आम्हाला फोन करा.

साहेब, तुमच्याकडून मला चार गोष्टी हव्या आहेत. माझा डबा. नोटांची दोन बंडलं. थकलेलं बिल, व्याजासकट. आणि त्या पोराचे दोन तास. पहिल्या तीन गोष्टी टेम्पोने पाठवल्यात तरी चालेल. चौथीसाठी स्वतः या. गोडाऊन सकाळी दहाला उघडतं. त्या मुलाला समोर बसवून सांगा, की तू आराम करत नव्हतास. त्याला तेवढं पुरेल.

कळावे. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, पण तो तुमच्याकडे आधीच पुष्कळ आहे. तेव्हा, कळावे, लोभ नसावा.

आपला,
भांडुपच्या गोडाऊनमधला काका

ता. क. : झाकण हळू बंद करत जा, रिबिट जुना आहे. चुन्याच्या खणात मनुके ठेवू नका. आणि ते सात तुकडे मी फेकलेले नाहीत. पिशवीसकट टेबलावर ठेवले आहेत, डबा असायचा त्या जागी. त्यावरचं 'पितळी डबा' हे अक्षर तुमचं आहे. आर्टची पोरगी परवा भेटायला आली होती, तिने ओळखलं.